दवंडी, नोटीस आणि दारावरची हाक : रायपूरच्या संदर्भात कचराविषयक नियमांच्या संप्रेषणाचा इतिहास

१

शासनाचा नियम आणि तो ज्याने पाळावयाचा तो माणूस यांच्यामध्ये नेहमीच भाषेचे एक अंतर असते. हे अंतर ओलांडण्यासाठी प्रत्येक काळाने आपापली साधने घडवली. गावगाड्याने दवंडी वापरली, वसाहतकालीन नगरपालिकेने छापील नोटीस आणली आणि अलीकडच्या महानगरपालिकांनी ध्वनिक्षेपक लावलेली गाडी दारोदार फिरवली. कचऱ्याचे उगमस्थानीच वर्गीकरण करणे आणि पुनर्चक्रणयोग्य वस्तू वेगळ्या सोपवणे सक्तीचे करणारे नियम व्यापाऱ्यांपर्यंत आणि निवासी संकुलांच्या व्यवस्थापकांपर्यंत कोणत्या भाषेतून पोचवले गेले, याचा विचार प्रस्तुत निबंधात रायपूर शहर केंद्रस्थानी ठेवून करावयाचा आहे.

साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाला हा विषय प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. तथापि सूचना हाही एक लेखनप्रकार आहे. तिला वक्ता असतो, संबोधित असतो, शैली असते आणि गृहीत धरलेला वाचकही असतो. शिवाय रायपूरसारख्या शहरात ती एका भाषेतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जात असते. राजपत्राच्या इंग्रजीतून निघालेला नियम कार्यालयीन हिंदीत येतो, तेथून बाजाराच्या हिंदीत उतरतो आणि शेवटी छत्तीसगढीत बोलणाऱ्या घरकामगार बाईच्या किंवा उपाहारगृहातील पोऱ्याच्या हाती पडतो. कोणत्या बादलीत काय टाकायचे, हे प्रत्यक्षात ठरते ते या शेवटच्या टप्प्यावर. म्हणून या प्रवासाचा इतिहास हा भाषांतराचाही इतिहास ठरतो.

या इतिहासातून एक सूत्र हाती येते. जुन्या गावव्यवस्थेत निरोप देणारा आणि घाण उचलणारा माणूस बहुधा एकच होता. मात्र त्याला हक्क नव्हता. आधुनिक कायद्याने या दोन भूमिका अलग केल्या. निरोप कार्यालयाकडे गेला, ओझे मात्र त्याच माणसाच्या डोक्यावर राहिले. जेथे या दोन भूमिका पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांना मोबदला व मान्यता मिळाली, तेथे नियम रुजला. पुणे आणि अंबिकापूर ही त्याची दोन उदाहरणे आहेत. रायपूरच्या अनुभवाकडेही या सूत्राच्या प्रकाशात पाहता येते.

२

रायपूरचा मराठीशी असलेला संबंध नवा नाही. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून छत्तीसगढचा कारभार पाहिला. त्यांच्या निधनानंतर १७८७ पासून नागपूरकर भोसल्यांच्या सुभेदारांनी हा मुलूख सांभाळला. कमाविसदार, फडणवीस, पोतदार ही पदनामे या काळात येथे रूढ झाली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत रायपूरच्या शासनाचे मुख्य ठाणे नागपूर हेच राहिले. नागपूरची नगरपालिका १८६४ ची आणि रायपूरची १८६७ ची. पुढे १९२२ च्या मध्य प्रांत नगरपालिका कायद्याखाली दोन्ही शहरे एकाच नियमाने बांधली गेली. रस्ता झाडणे, कचरा गावाबाहेर नेऊन पुरणे, दुकानदाराने पुढचा भाग स्वच्छ ठेवणे यांविषयीचा कायदा एक, आणि तो लोकांना सांगण्याच्या भाषा मात्र दोन, अशी ही स्थिती होती. नागपुरात तो मराठीत सांगितला जाई, रायपुरात हिंदीत.

या दोन भाषांमधील देवघेवीचे रायपुरातील सर्वांत ठळक नाव माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांचे आहे. मराठी मातृभाषा असलेल्या सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने हाती घेतलेल्या वैज्ञानिक परिभाषेच्या कामात अर्थशास्त्राची शब्दावली त्यांनी हाताळली होती. नव्या व्यवहारासाठी शब्द घडवताना तो विद्वानाला पटला पाहिजे आणि दुकानदारालाही समजला पाहिजे, हा पेच त्या पिढीपुढे होता. सावरकरांच्या नावे सांगितला जाणारा ‘महापौर’ हा शब्द मराठीइतकाच हिंदीतही रुळला आणि रायपूरच्या महानगरपालिकेतही तोच चालतो. हा त्या पेचातून निघालेला यशस्वी मार्ग म्हणावा लागेल. कचऱ्याच्या बाबतीत मात्र असे सुखरूप स्थलांतर झाले नाही, हे पुढे दिसेल.

३

छापील नोटीस येण्यापूर्वी नियम कानांनी ऐकला जात असे. महाराष्ट्रात दवंडी पिटली जाई. हिंदी मुलखात मुनादी होत असे. छत्तीसगढच्या खेड्यांत कोटवार ‘हांका’ पारत असे. छत्तीसगढी ‘हांका’ आणि मराठी ‘हाक’ यांचे साम्य उघड आहे. मराठीत ‘हाक’ हा शब्द मुख्यतः एका व्यक्तीने दुसरीला घातलेल्या सादेपुरता उरला; छत्तीसगढीत त्याला सार्वजनिक घोषणेचा अर्थ प्राप्त झाला. तरीही दोन्हींत एक गोष्ट समान आहे. हाक घालणाऱ्याला आवाज असतो, चेहरा असतो, आणि ज्याला हाक घातली त्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते.

महाराष्ट्रातील दवंडीचा सामाजिक संदर्भ येथे नोंदवणे आवश्यक आहे. महार वतनाच्या कामांत सरकारी निरोप पोचवणे, दवंडी देणे, गावाची राखण करणे आणि मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामे एकत्र होती. निरोप आणि ओझे या दोन्हींचा वाहक एकच, आणि त्याचा मोबदला गावाच्या मर्जीवर अवलंबून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच जाणीव होती. वतनामुळे माणूस गावाचा वेठबिगार बनतो, ही त्यांची भूमिका होती. त्यामुळे दवंडीच्या जिवंतपणाचे कौतुक करताना तिच्यामागची सक्ती विसरून चालणार नाही. जुन्या संप्रेषणाची परिणामकारकता आणि जुन्या श्रमाची गुलामी ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती.

४

नगरस्वच्छतेचा संदेश सूचनेबाहेरच्या रूपांतून पोचवण्याचे दोन मोठे प्रयोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी भाषकांच्या परिसरात झाले. पहिला इंदूरचा. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१७ च्या दिवाळीत होळकरांच्या राजधानीत एक मिरवणूक काढली. शहरात प्लेगचे भय होते. मिरवणूक परंपरेच्या ठरलेल्या मार्गाने न जाता ज्या रस्त्यांवरील घरे सर्वाधिक स्वच्छ व दुरुस्त असतील त्या रस्त्यांनी जाईल, असे आधी जाहीर करण्यात आले. परिणामी घरोघरचा साचलेला कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाची आणि प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, आणि सफाई कामगार स्वच्छ वेषात, हार घालून चालत होते. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेला गेडिस यांचा इंदूर अहवाल नगररचनेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. संप्रेषणाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही की, दंडाची धमकी न देता मान कोणत्या रस्त्याला मिळेल एवढेच सांगितले गेले आणि कचरा उचलणारा या संदेशाचा दृश्य नायक झाला.

याच इंदुरात पुढे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावाने तिचे पुस्तक निघाले. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर पोचली. कचऱ्याचे पुनर्चक्रण हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्याची व्यवस्थित कृती या परिसरात लिहिली गेली होती.

दुसरा प्रयोग गाडगेबाबांचा (१८७६–१९५६). अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले हे संत गावात आले की आधी हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्या कीर्तनाचे रूप प्रश्नोत्तराचे होते. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत. जो सांगतो तोच झाडतो, हे येथे पुन्हा दिसते. परंतु वतनाच्या सक्तीऐवजी येथे स्वेच्छा होती. सांगणाऱ्याच्या हाती खराटा असल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन येत होते. महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला गाडगेबाबांचे नाव दिले, त्यात या वजनाची दखल होती.

५

१९९६ मध्ये अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून भारतातील नागरी कचऱ्याच्या कायद्याला चालना मिळाली आणि २५ सप्टेंबर २००० रोजी नागरी घनकचरा नियम अधिसूचित झाले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. नवी राजधानी आणि नवा नियम एकाच वर्षी जन्माला आले. २००१ मध्ये सहा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेले हे शहर २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर गेले. जुना गोलबाजार, सदर बाजार आणि मालवीय रोड यांच्या जोडीला मॉल आले, बहुमजली संकुले आली. कचरा बाहेर नेऊन सरोना येथे टाकण्याची रीत मात्र पुष्कळ काळ चालू राहिली.

२००० च्या नियमांचे वाचन संबोधनाच्या दृष्टीने केले असता एक गोष्ट स्पष्ट होते. ते नगरपालिकेला उद्देशून लिहिले होते. कचरा निर्माण करणाऱ्याने तो रस्त्यावर टाकू नये आणि नगरपालिकेने ठरवलेल्या पद्धतीनुसार सोपवावा, एवढीच अपेक्षा नागरिकाकडून होती. जनजागृती करणे, निवासी संघटनांच्या प्रतिनिधींसमवेत दर तिमाहीला बैठक घेणे ही कामे नगरपालिकेची होती. घरोघरी कचरा गोळा करताना घंटा वाजवणारी किंवा संगीत लावलेली गाडी वापरावी, अशीही तरतूद त्यात होती. राजपत्राच्या रुक्ष भाषेत संगीताला जागा मिळावी ही लक्षणीय बाब आहे. कागदावरची नोटीस पुरेशी नाही, हे नियमकर्त्यांनीच एका परीने मान्य केले होते. पुढे मंडला येथील श्याम बैरागी यांचे कचरागाडीचे हिंदी गाणे मध्य भारतातील अनेक शहरांत पहाटेचा परिचित स्वर बनले. दवंडी गेली असे वाटत असताना तिने चाके लावून पुनरागमन केले, असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच की, ध्वनिमुद्रित हाकेला उत्तर देता येत नाही.

६

८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी संबोधन बदलले. कचरा निर्माण करणाऱ्याची कर्तव्ये हा त्यातील स्वतंत्र नियम झाला. प्रत्येकाने कचरा तीन प्रकारांत वेगळा करावयाचा होता. निवासी संघटना व बाजार संघटना, पाच हजार चौरस मीटरहून अधिक क्षेत्राची बंदिस्त संकुले व संस्था, तसेच हॉटेल व उपाहारगृहे यांनी एका वर्षाच्या आत स्थानिक संस्थेच्या सहकार्याने वर्गीकरणाची व्यवस्था करावयाची होती आणि पुनर्चक्रणयोग्य वस्तू अधिकृत कचरावेचकांकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रकांकडे सोपवावयाच्या होत्या. विघटनशील कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावावयाची होती. शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम करणाऱ्याने तीन कामाचे दिवस आधी कळवावे, फेरीवाल्याने स्वतःचे कचरापात्र ठेवावे, असे बारकावेही होते. मुंबईत या नियमांच्या आधारे २०१७ मध्ये मोठ्या गृहनिर्माण संस्थांना नोटिसा गेल्या आणि २ ऑक्टोबर ही मुदत ठरवण्यात आली. तेव्हा ‘आमचा कचरा आम्हीच जिरवायचा तर कर कशाचा?’ हा प्रश्न सर्वत्र विचारला गेला. नियमाचा वाचक आता प्रत्युत्तर देऊ लागला होता.

रायपूरमध्ये हा नियम ज्या शब्दांतून पोचला त्यांचा विचार येथे करावयास हवा. हिंदीतील त्याचे अधिकृत नाव ‘ठोस अपशिष्ट प्रबंधन नियम’. मराठीने ‘घनकचरा’ हा शब्द केला आणि लोकांच्या तोंडचा ‘कचरा’ कायद्यात ठेवला. हिंदीने ‘अपशिष्ट’ हा संस्कृत शब्द निवडला. परिणामी रायपूरच्या व्यापाऱ्याच्या हाती आलेल्या कागदाच्या मथळ्यात अपशिष्ट असते आणि त्याच्या दारात येणाऱ्या गाडीच्या गाण्यात कचरा. ही दोन नावे एकाच वस्तूची आहेत हे वाचकाला कळते. पण पहिले नाव दंडाचे आणि दुसरे रोजच्या कामाचे, अशी विभागणी त्याच्या मनात होते. ‘जैव-अपघटनीय’ आणि ‘गीला’ यांचीही तीच गत आहे. त्यातही ‘गीला’ किंवा ‘ओला’ हा शब्द सोपा असला तरी नेमका नाही. वाळलेली पाने आणि शेंगांची टरफले कोरडी असूनही ओल्या कचऱ्यात जातात आणि दुधाची पिशवी ओली असूनही सुक्यात. सुलभ भाषांतराने अर्थ जवळ आणला खरा, परंतु तो थोडा सरकवलाही.

रंगांच्या बाबतीतही असेच घडले. २००० च्या नियमांनी पुनर्चक्रणयोग्य कचऱ्याच्या पात्राला पांढरा रंग दिला होता. २०१७ च्या जागतिक पर्यावरण दिनापासून देशभर जी मोहीम चालली तिने हिरव्या आणि निळ्या बादल्या लोकांसमोर आणल्या. लिखित नियमाचे चिन्ह आणि प्रचाराचे चिन्ह यांत मेळ नसेल तर लोक प्रचाराचे चिन्ह स्वीकारतात. येथेही निळा रंगच लोकांच्या ध्यानात राहिला.

नोटिशीच्या वाक्यरचनेचा प्रश्न याहून गंभीर आहे. हिंदीतील ‘सूचित किया जाता है’ आणि मराठीतील ‘सूचित करण्यात येते की’ या दोन्ही रचनांत कर्ता लुप्त आहे. कोण सूचित करतो हे शिक्क्यावरून कळते. कोणाला काय द्यावयाचे हे बहुधा कळतच नाही. शेवटी ‘अन्यथा दंडात्मक कार्यवाही’ एवढेच ठसठशीत उरते. निवासी संकुलाचा सचिव ही सूचना वाचतो आणि रहिवाशांसाठी ती पुन्हा लिहितो. रखवालदार ती तोंडी सांगतो. शेवटी घरकामगार बाईपर्यंत ती ‘दोन बादल्या ठेवा’ एवढ्या रूपात पोचते. दुकानातही मालकाकडून नोकराकडे जाताना असेच घडते. छत्तीसगढीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी ज्यांच्या हातून वर्गीकरण होते त्यांच्या या भाषेला नोटिशीत क्वचितच प्रवेश मिळाला. नियमाचा घोषित वाचक एक आणि खरा कर्ता दुसरा, ही फट येथे पडते.

या फटीत आणखी एक माणूस हरवतो. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकाची व्याख्या केली आणि पुनर्चक्रणयोग्य वस्तू त्याच्याकडे सोपवण्याचा मार्ग मोकळा ठेवला. २०००च्या नियमांत अशी व्याख्या नव्हती. परंतु व्यापाऱ्याला आणि व्यवस्थापकाला मिळणाऱ्या संक्षिप्त सूचनेत ‘सुका कचरा गाडीत द्यावा’ एवढे वाक्य आले, की अधिकृत कचरावेचक हा पर्याय गळून पडतो. गोलबाजारातील पुठ्ठा आजवर ज्याच्या गोणीत जात होता त्याच्या रोजीचा प्रश्न असा एका वाक्याच्या संक्षेपाने उभा राहतो. भाषेतील वगळणुकीची किंमत येथे कुणाच्या तरी चुलीला मोजावी लागते.

७

पुण्यात ही वगळणूक रोखण्याचा प्रयत्न नावापासून सुरू झाला. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाच्या कामातून आणि बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. हे नाव भाषिक दृष्ट्या विलक्षण आहे. त्यात ‘कचरा’ हा शब्दच नाही. गल्लीबोळांतून फिरणाऱ्याच्या हाकेत वस्तू जशा एकामागून एक येतात तशा त्या नावात आल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे ‘कष्टकरी’ हा शब्द ठेवून त्या वस्तूंवरील श्रमाचा हक्क सांगितला आहे. कायद्याला जो ‘सुका कचरा’ दिसतो त्यात या बायकांना कागद, काच आणि पत्रा असे तीन वेगळे भाव दिसतात. १९९६ मध्ये त्यांना महानगरपालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे मिळाली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदारच्या संकलनाचे काम घेतले. घरटी शुल्क आणि सुक्या वस्तूंच्या विक्रीचे उत्पन्न हे सभासदांचे झाले. ज्या संकुलाच्या सचिवाला नोटीस कळत नव्हती त्याला ‘काच वेगळ्या कागदात गुंडाळून द्या, हात कापतो’ हे समोर उभ्या असलेल्या बाईचे वाक्य कळले. नियम आता कुणाच्या तरी हाताचा प्रश्न झाला होता.

छत्तीसगढमधील समांतर प्रयोग राजधानीत न होता उत्तरेकडील सरगुजा जिल्ह्यातील अंबिकापुरात झाला. लाखाच्या थोडी वर लोकसंख्या असलेल्या या शहरात २०१५ च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी ऋतू सैन यांच्या पुढाकाराने महिला बचत गटांकडे दारोदारचे संकलन सोपवण्यात आले. चारशेहून अधिक महिला या कामात आल्या. कचरा केंद्रावर आणून त्याचे अनेक प्रकारांत वर्गीकरण करणे, वस्तू विकणे आणि वापरशुल्क गोळा करणे ही कामे त्याच करू लागल्या. शहराचे जुने कचराक्षेत्र बंद होऊन तेथे उद्यान उभे राहिले. पुढे हीच पद्धत राज्यातील अन्य शहरांत नेण्यात आली आणि २०१९, २०२० व २०२१ या तीन वर्षी स्वच्छ सर्वेक्षणात छत्तीसगढला राज्यांमध्ये अग्रस्थान मिळाले.

या महिलांना छत्तीसगढात ‘स्वच्छता दीदी’ म्हणतात. पुण्याचे ‘कष्टकरी’ आणि अंबिकापूरचे ‘दीदी’ या दोन संज्ञांची तुलना उद्बोधक आहे. ‘दीदी’ या नात्याच्या शब्दाने उंबऱ्यावरचा संकोच मोडतो. व्यापारी तिला अपमानाने हाकलू शकत नाही, कारण तिला हाक मारतानाच तो नाते मान्य करतो. तथापि नात्यात मजुरीची बोलणी अवघड होतात. बहिणीने केलेले काम सेवा मानले जाण्याचा धोका असतो. ‘कष्टकरी’ या शब्दात जवळीक कमी आहे, परंतु करार आणि मोबदला यांचे भान स्पष्ट आहे. एक संज्ञा कुटुंबाच्या भाषेतून आली आणि दुसरी संघटनेच्या, हे दोन प्रदेशांच्या सामाजिक इतिहासाशी सुसंगत आहे. कामगार चळवळीचा आणि सत्यशोधकी परंपरेचा वारसा पुण्याच्या शब्दात ऐकू येतो. बचत गटांच्या चळवळीतून आलेल्या शब्दात घराचा स्वर आहे. दोन्ही ठिकाणी मूलभूत गोष्ट मात्र एकच घडली. ओझे उचलणारीच निरोप देणारी झाली. रोज सकाळी दाराशी येणारी व्यक्ती चुकीची बादली पाहून लगेच बोलते, समजावते, उद्या पुन्हा येते. तिमाही बैठकीची तरतूद जे साधू शकली नाही ते या रोजच्या दोन मिनिटांच्या संवादाने साधले. जुन्या दवंडीतील वक्त्याचे अस्तित्व परत आले आणि त्याच्या मागची वेठ मात्र परत आली नाही. निदान येऊ नये, ही या प्रयोगांची कसोटी आहे.

रायपूरसारख्या दहा लाखांवरच्या शहरात यंत्रे, कंत्राटे आणि अंतरे मोठी असतात, त्यामुळे अंबिकापूरची नक्कल जशीच्या तशी शक्य नाही, हा आक्षेप योग्य आहे. परंतु पुणे हे रायपूरहून कितीतरी मोठे शहर आहे. तेव्हा प्रश्न आकाराचा कमी आणि रचनेचा अधिक आहे. मॉलच्या व्यवस्थापकाला किंवा उपाहारगृहाच्या मालकाला कायदा कोण समजावतो, दंडाची पावती घेऊन येणारा की माल घेऊन जाणारा, यावर तो कायदा त्याला ओझे वाटतो की व्यवहार, हे बऱ्याच अंशी ठरते.

८

कचऱ्याविषयीचे लोकज्ञान या सर्व नियमांहून जुने आहे. मराठीत म्हण आहे : उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. हिंदीत बारा वर्षांनी ‘घूरे’चेही दिवस पालटतात आणि छत्तीसगढीत म्हणतात, ‘घुरवा के दिन घलो बहुरथे’. उकिरडा आणि घुरवा ही एकाच शेतकरी संस्कृतीची दोन नावे आहेत. शेणकचरा खड्ड्यात टाकायचा, कुजू द्यायचा आणि पावसाळ्यापूर्वी शेतात न्यायचा, हे विघटनशील कचऱ्याचे आवारातच व्यवस्थापन नव्हे काय? २०१८ च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या छत्तीसगढ सरकारने नरवा, गरुवा, घुरवा, बाडी या चार शब्दांची ग्रामीण योजना आखली, तेव्हा हा शब्द प्रथमच शासकीय कागदावर मानाने आला. शहरातील सूचनेला मात्र त्याची आठवण झाली नाही. ज्या घरकामगार बाईला ‘जैव-अपघटनीय’ समजावण्यासाठी चित्रे काढावी लागतात तिला ‘घुरवात जाईल ते’ असे सांगितले असते तर दुसऱ्या शब्दाची गरज पडली नसती. वाळलेली पाने ओली की सुकी, हा प्रश्नही तिला पडला नसता, कारण घुरवात काय कुजते ते तिला ठाऊक आहे.

या म्हणीत एक उणीवही आहे. उकिरड्याचे दिवस आपोआप पालटतात, असे ती सुचवते. व्याकरणाच्या दृष्टीने नोटीस आणि म्हण येथे एकाच जागी येतात. दोघींतही कर्ता नाही. उकिरड्याचे खत होते ते कुणीतरी तो उपसतो, पसरतो म्हणून. पुठ्ठ्याचा पुन्हा कागद होतो तो कुणीतरी वेचतो, बांधतो, वाहतो म्हणून.

२०२६ च्या जानेवारीत घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरली. ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा अशा चार प्रकारांत वर्गीकरण त्यांनी सांगितले. वीस हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधीव क्षेत्र, दिवसाला चाळीस हजार लिटर वा अधिक पाण्याचा वापर, किंवा दिवसाला शंभर किलो वा अधिक कचरा, यांपैकी एक निकष लागू होणाऱ्या संकुलांवर व आस्थापनांवर विशेष जबाबदारी टाकली. म्हणजे रायपूरच्या व्यापाऱ्यांना आणि संकुलांच्या सचिवांना आणखी एकदा काहीतरी सांगावे लागणार, आणि पुन्हा एकदा इंग्रजी राजपत्रापासून छत्तीसगढी तोंडापर्यंतची वाट चालावी लागणार. दोन बादल्यांच्या चार होताना शब्दांची निवड अधिक नेमकी करावी लागेल. ‘विशेष काळजीचा कचरा’ हे मोघम नाव सांगण्याऐवजी रंगाचे डबे, विजेचे दिवे, जुनी औषधे अशी वस्तूंची नावे सांगावी लागतील; हे ‘कागद काच पत्रा’ या नावाने तीन दशकांपूर्वीच शिकवले आहे.

नगरशासनाची सूचना साहित्यात गणली जात नाही आणि जाण्याचे कारणही नाही. परंतु तिच्यातील लुप्त कर्त्याचा शोध घेणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम निश्चितच आहे. दवंडीत कर्ता होता, त्याला हक्क नव्हता. नोटिशीत हक्क आणि कर्तव्ये आली, कर्ता गेला. पुढील सूचनेत देणारा, घेणारा आणि वाहणारा या तिघांची नावे एका वाक्यात यावीत, ती तिघांनाही कळणाऱ्या भाषेत असावीत आणि वाहणाऱ्याचा मोबदला त्यात लिहिलेला असावा. एवढे झाले तरी रायपूरच्या बाजारात आणि संकुलांत नियमाची अर्धी वाट चालून होईल.